क्रूझ कंट्रोल लावल्यावर उजवा पाय ठेवायचा कुठे?

रानजाई | २६ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बारा वर्षं गाडी चालवतेय. त्यातली बहुतेक नाशिक शहरात आणि वर्षातून दोनदा माहेरी, म्हणजे नागपूरला. यंदा नवी गाडी घेतली, पेट्रोल ऑटोमॅटिक. तिला साधा क्रूझ कंट्रोल आहे. पुढची गाडी बघून आपोआप वेग कमी करणारा नाही, आपण ठरवलेला वेग धरून ठेवणारा.

दिवाळीला सिन्नरकडून समृद्धीला लागलो. पहिला टप्पा माझा होता. जालना सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला म्हणून १०० वर क्रूझ लावला. खरं सांगते, फार बरं वाटलं. एरवी दोन तासांनी माझ्या उजव्या पोटरीला रग लागते, ती लागली नाही. पाय मोकळा झाला म्हणून नकळत मागे ओढून घेतला आणि सीटखाली दुमडून बसले. मुलगी मागे झोपली होती, हे शेजारी मोबाईलवर होते.

मेहकरच्या अलीकडे एक ट्रक दिसला. दिवस मावळत आला होता आणि त्याच्या मागच्या दिव्यांपैकी एकही लागलेला नव्हता. तो माझ्याच लेनमध्ये, अगदी हळू, बहुधा बिघडलेला. मला वाटलं अजून लांब आहे, पण बघता बघता समोर आला. ब्रेक मारायला पाय पुढे घेतला तर चपलेचं टोक मॅटच्या कडेत अडकलं. पाय ब्रेकवर जाण्याआधी पेडलच्या खाली गेला. मग सोडवला, ब्रेक दाबला, गाडी थांबण्याइतकी हळू झाली, आणि उजवीकडची लेन रिकामी होती म्हणून निभावलं. कुणाला खरचटलंही नाही. पण पुढच्या इंटरचेंजपर्यंत माझा पाय थरथरत होता.

नागपूरला बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ते बटण पुन्हा लावायचं नाही. ह्यांचं म्हणणं, दोष क्रूझचा नाही, चपलेचा. मला दोन्ही पुरतं पटत नाही. जाणकारांनी सांगावं: क्रूझ लागलेला असताना उजवा पाय नेमका कुठे असावा? आणि तो कुठे लावावा, कुठे नाही? ३ तारखेला परत निघायचंय.

---

तिसरी_लेन | २६ ऑक्टोबर, रात्री १०.१५

ताई, सगळे सुखरूप आहात हे वाचून हायसं वाटलं. पायाचं उत्तर सरळ आहे. टाच जमिनीवर, ब्रेकच्या पेडलसमोर. चवडा पेडलच्या पुढ्यात, पेडलला न टेकता. टाच न उचलता चवडा पुढे केला की ब्रेक लागला पाहिजे. पाय सीटखाली नाही, मांडी नाही, डाव्या पायावर उजवा पाय नाही.

---

कारंजेकर | २६ ऑक्टोबर, रात्री १०.५२

ताई, मी कारंज्याचा. समृद्धीवर महिन्यातून तीन-चारदा जाणं-येणं असते. तुम्ही सांगितलं तो प्रकार माझ्यासोबत झाला नाही, पण मामेभावासोबत झाला. त्याचं काय झालं ते लिहीत नाही.

हा रस्ता गावातल्या रस्त्यासारखा नाही. ना चौक, ना टपरी, ना ढोरं, ना दुचाकी. सिमेंटचा पांढरा पट्टा समोर पसरून राहते आणि टायरचा एकसारखा घूं आवाज. माणूस जागा असते, डोळे उघडे असतात, पण पाहून राहिला नसते. आपला पाय रेसवर असला की तो थोडा थोडा हालते, चढ आला की दाबते, उतार आला की सोडते. तेवढं तरी काम डोक्याला राहते. क्रूझ लावला की तेही गेलं. मग उरलं काय, स्टेअरिंग. आणि तोही रस्ता सरळ.

म्हणून माझा नियम. क्रूझ एका वेळी अर्ध्या तासाच्या वर नाही. अर्धा तास झाला की काढून टाकतो, दहा-पंधरा मिनिटं पायानं चालवतो, मग हवं तर पुन्हा लावतो. जेवण झाल्यावर आणि दुपारी दोन ते चार बिलकुल नाही. डोळा जड झाला तर पुढच्या इंटरचेंजवर उतरून गाडी उभी करतो. कडेला बाजूपट्टीत उभी करून झोपायचं नाही, तिथंच मागून येऊन ठोकतात.

आणखी एक. १२० ची परवानगी आहे म्हणून १२० लावू नका. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. १२० नं गेलात तर ४ तास २० मिनिटं, १०० नं गेलात तर ५ तास १२ मिनिटं. बावन्न मिनिटांचा फरक, तोही मधे कुठं थांबलाच नाहीत तर. त्या बावन्न मिनिटांसाठी मी टायर तापवत नाही.

---

निळासावळा | २७ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

बाबांशी पूर्ण सहमत. आपल्याकडे क्रूझची गरजच नाही. माझ्या गाडीला सात वर्षं आहे, एकदाही लावला नाही. कधी कुत्रं आडवं येईल, कधी कोण उलट्या बाजूनं येईल, सांगता येत नाही. जी गोष्ट आपल्याला बेसावध करते ती सोय कशी म्हणायची?

---

पान्हा_पक्कड | २७ ऑक्टोबर, दुपारी १.३०

माझं गॅरेज आहे, वीस वर्षं झाली. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. थोडं लांबेल, पण यंत्र आत काय करतं ते समजलं की ते कुठे लावायचं हे विचारावं लागत नाही, म्हणून लिहितो.

साध्या क्रूझला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे गाडीचा वेग. समोर ट्रक आहे, वळण आहे, रस्ता ओला आहे, यातलं त्याला काहीही कळत नाही. चाकांचा वेग मोजणारा सेन्सर सांगतो की ९८ झाला, कंप्युटर थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, थोडी उघडतो. १०१ झाला की बंद करतो. तुमचा पाय जे करायचा तेच, पण डोळ्यांशिवाय.

आता बटणं. आधी मुख्य बटण दाबून क्रूझ जागा करायचा, मग हवा तो वेग गाठून ‘सेट’. बहुतेक गाड्यांत साधारण ३० ते ४० च्या खाली तो लागतच नाही. अधिक-उणेच्या बटणांनी वेग थोडा थोडा बदलतो. ओव्हरटेकला रेस दाबलीत तर गाडी पळते आणि पाय काढला की पुन्हा ठरलेल्या वेगावर येते. ब्रेकला हलका स्पर्श झाला तरी क्रूझ सुटतो, कारण पेडलच्या दांड्याजवळ एक छोटा स्विच असतो. मागचे लाल दिवेही त्याच्याच सांगण्यावरून लागतात. म्हणून बऱ्याच गाड्यांत तो स्विच खराब झाला की क्रूझ लागतच नाही. लोक माझ्याकडे क्रूझ बिघडला म्हणून येतात आणि निघतो ब्रेकचा स्विच. क्रूझ अचानक लागेनासा झाला तर आधी मागे कुणाला तरी उभं करून ब्रेकचे दिवे बघा. ते लागत नसतील तर क्रूझपेक्षा ती गोष्ट मोठी आहे.

आता सगळ्यात फसवं बटण, ‘रिझ्यूम’. क्रूझ सुटला तरी ठरवलेला आकडा त्याच्या स्मरणात राहतो. समजा तुम्ही ११० ला लावला होता. मग फाट्यावर उतरलात, गावातून ४५ नं चाललाय आणि बोट चुकून रिझ्यूमवर पडलं. गाडी ११० गाठायला निघणार. जोरात नाही, पण थांबणारही नाही. माझ्याकडच्या एका गिऱ्हाइकानं असंच पुढच्या रिक्षाचा मागचा भाग चेपला. त्याचा पाय तेव्हा बाजूला होता आणि आपण काही दाबलंय हेच त्याला कळलं नव्हतं. महामार्ग सोडताना मुख्य बटणानं क्रूझ पूर्ण बंद करा. नुसता ‘कॅन्सल’ पुरत नाही, कॅन्सल केल्यावर आकडा तसाच राहतो.

उतार. साधा क्रूझ रेस कमी करू शकतो, बहुतेक गाड्यांत ब्रेक मारू शकत नाही. इगतपुरीचा आठ किलोमीटरचा बोगदा मुंबईकडे उतरता आहे. तिथे १०० ला लावलेली गाडी, त्यात पाच माणसं आणि सामान, तर काटा हळूहळू वर सरकतो आणि बोगद्यात आजूबाजूला काही नसल्यामुळे ते जाणवत नाही. घाटात आणि उतारावर क्रूझ नको. तिथे खालचा गिअर आणि आपला पाय.

ओला रस्ता. जोराच्या पावसात टायर पाण्यावर तरंगतो. अशा वेळी हळूच रेस सोडायची असते. पण क्रूझ लागला असेल तर पाय रेसवर नाहीच, सोडणार काय? मग माणूस घाबरून ब्रेक मारतो आणि गाडी फिरते. त्यात चाक घसरून फिरतंय की रस्त्यावर चालतंय हे साध्या क्रूझला ओळखता येईलच असं नाही. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तिकेतही निसरड्या रस्त्यावर वापरू नका असं लिहिलेलं असतं, पण ती पुस्तिका डिकीत प्लास्टिकमध्येच राहते.

ताई, आता तुमचा प्रश्न. १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. दोन एसटी एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, त्याहून जास्त. तुमचा पाय मॅटमधून सोडवण्यात एक सेकंद गेला असेल, तर ब्रेक लागायच्या आधीच तेवढं अंतर गेलं. तिसरी_लेन यांनी पायाची जागा बरोबर सांगितली आहे. त्यात माझी भर: गाडी उभी असताना डोळे मिटून, टाच जागेवर ठेवून, वीस वेळा ब्रेक दाबा. पायाला जागा पाठ झाली पाहिजे. सीट इतकी पुढे हवी की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. आणि ड्रायव्हरच्या मॅटला खाली दोन हुक असतात. ते लागलेले आहेत का, हे उद्या सकाळी बघा.

---

सहावा_गिअर | २७ ऑक्टोबर, दुपारी ३.०५

पान्हादादा, एक विचारतो. माझी डिझेल मॅन्युअल आहे. क्लच दाबला की क्रूझ सुटतो, ते ठीक. पण सहाव्या गिअरला ९० वर लावलेला असताना लांब चढ आला की इंजिन गुरगुरायला लागतं. हे बरं का?

---

पान्हा_पक्कड | २७ ऑक्टोबर, दुपारी ३.२०

बरं नाही. ऑटोमॅटिक स्वतः गिअर उतरवते, मॅन्युअलमध्ये ते क्रूझला जमत नाही. तो नुसतं डिझेल ओतत राहतो. गुरगुर ऐकू आली की क्लच दाबा, पाचवा टाका, चढ संपेपर्यंत पायानं चालवा.

---

ओहायोकर | २७ ऑक्टोबर, रात्री ८.४५

मी अठरा वर्षं अमेरिकेत, ओहायोत डेटनजवळ राहतो. मूळचा साताऱ्याचा. इथे क्रूझ हा रोजचा भाग आहे, म्हणून दोन शब्द.

ज्या माणसानं हा शोध लावला त्याचं गाव माझ्या घरापासून तासाभरावर आहे, इंडियानातलं हेगर्सटाउन. राल्फ टीटर. पाच वर्षांचा असताना अपघातात त्याची दृष्टी गेली, तरी तो इंजिनिअर झाला. तो वकिलासोबत गाडीतून जायचा. वकील बोलायला लागला की गाडी हळू करायचा आणि ऐकायला लागला की वेग वाढवायचा. टीटरला दिसत नव्हतं, पण ते हिसके अंगाला बसायचे. त्या वैतागातून त्यानं वेग धरून ठेवणारं यंत्र बनवायला घेतलं. १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायसलरच्या इम्पीरियल गाडीत ते पहिल्यांदा विकायला आलं.

मला ही गोष्ट इथे सांगावीशी वाटली, कारण जे त्या वकिलाचं होतं तेच आपलं होतं. बोलता बोलता आपला पाय सैल पडतो, घाईत असलो की दाबला जातो, आणि आपल्याला ते कळत नाही. क्रूझ नेमकं तेवढंच दुरुस्त करतो. सावध राहणं हे काम त्याला कुणी दिलेलंच नव्हतं.

इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फाचा पातळ थर असतो, डांबराच्या रंगाचाच दिसतो. नोव्हेंबर ते मार्च मी क्रूझला हात लावत नाही. पहिल्या वर्षी लावला होता. पुलावर गाडी आडवी झाली, कठड्याला घासून थांबली. पुलाखालूनही वारा जातो, म्हणून तिथला बर्फ आधी गोठतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

---

उसाचा_मळा | २७ ऑक्टोबर, रात्री ९.३०

कोल्हापूरकडचा आहे. माझ्याकडे रडारवाला क्रूझ आहे, एडासमधला, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेतला. लोकांना वाटतं हा असला म्हणजे चिंता मिटली. तसं नाही, म्हणून लिहितोय.

पुण्यापर्यंत हायवेला तो भारी चालतो. पुढची गाडी हळू झाली की आपली हळू, ती पळाली की आपली पळते. पण आपण जे अंतर सोडून चालतो तिथं आपल्याकडं लगेच कुणीतरी घुसतं. मग गाडी खाडकन वेग कमी करते, मागचा हॉर्न वाजवतो. अंतर कमी करायचं बटण आहे, पण ते मी दाबत नाही. घुसणाऱ्याला घुसू द्यावं.

आता ऊस सुरू होईल. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस ट्रॉलीबाहेर दोन-दोन हात आलेला. मागच्या हंगामात रात्री क्रूझ ८० वर होता. अशी एक ट्रॉली बंद पडून लेनमध्येच उभी होती. गाडीनं ती धरलीच नाही. मीच बघितली, मीच ब्रेक मारला. घरी येऊन पुस्तिका काढून वाचली. त्यात स्पष्ट लिहिलंय की उभ्या असलेल्या गाडीला हा प्रतिसाद देईलच असं नाही, दुचाकी आणि वेगळ्या आकाराच्या वाहनांचंही तसंच. पैसे मोजून घेतली त्या दिवशी हे पान कुणी उघडून दाखवलं नव्हतं.

तेव्हापासून रात्री ऊसपट्ट्यात क्रूझ बंद, साधा असो की रडारचा.

---

निळासावळा | २८ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

म्हणजे घाटात नको, पावसात नको, रात्री नको, गावात नको, जेवल्यावर नको. मग उरलं काय? हाच माझा मुद्दा आहे.

---

शेवंता_६१ | २८ ऑक्टोबर, सकाळी १०.४०

उरलं ते मी सांगते. माझं वय ६१. उजव्या गुडघ्याला संधिवात आहे. मुंबईहून पुण्याला मुलीकडे जाते, एकटी. एकाच ठिकाणी पाय धरून ठेवला की गुडघा आखडतो आणि मग खरा ब्रेक मारायच्या वेळी कळ येते. खालापूरच्या टोलआधी आणि घाट चढून गेल्यावर पुढे, सकाळी सहाच्या सुमारास रस्ता रिकामा असतो. तिथे वीस-वीस मिनिटं क्रूझ लावते, घोटा फिरवते, टाच परत ब्रेकसमोर आणते. माझं गाडी चालवणं त्यामुळे टिकून आहे, आणि माझ्यासाठी ती लहान गोष्ट नाही.

शिवाय कॅमेरे बसल्यापासून १०० च्या वर काटा गेला की दंड. पूर्वी मी रस्त्यापेक्षा काट्याकडे जास्त बघायचे. आता क्रूझ ९५ वर असतो आणि नजर समोर. शनिवार-रविवारी मात्र ते बटण विसरायचं. दर दोन मिनिटांनी ब्रेक लागणार असेल तर क्रूझचा उपयोग नाही.

रानजाई, बाबांना माझं एवढं सांगा.

---

निळासावळा | २८ ऑक्टोबर, सकाळी ११.१५

काकू, गुडघ्याचा विचार मी केला नव्हता. तुमचं पटलं. माझ्या स्वतःच्या बाबतीत मी न लावण्यावर ठाम आहे, कारण मला गाडीत लवकर झोप येते हे मला माहीत आहे.

---

कारंजेकर | २८ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

निळासावळा भाऊ, ज्याला झोप येते त्यानं लावू नये, हे शंभर टक्के बरोबर. मामेभाऊ रात्रपाळी करून निघाला होता.

---

सहावा_गिअर | २८ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

मायलेजबद्दल कुणी लिहिलं नाही. सपाट रस्त्यावर पाय दाबणं-सोडणं थांबतं, त्यामुळे थोडा फायदा होतो, पण खरा फायदा आकडा कोणता लावता त्यावर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो. १०० वरून १२० ला गेलात तर तो ४४ टक्क्यांनी वाढतो. क्रूझ १२० ला लावून मायलेज मिळत नाही म्हणणारे बरेच भेटतात.

---

रानजाई | ४ नोव्हेंबर, रात्री ८.२५

मंडळी, काल पोहोचलो. उत्तर द्यायला उशीर झाला, पण सगळं वाचलं होतं. निघायच्या आदल्या रात्री बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. कारंजेकरांचं वाचताना ते गप्प झाले. शेवंताताईंचं दोनदा वाचायला लावलं.

सकाळी अंगणात गाडी उभी करून पान्हादादांनी सांगितलं तसं डोळे मिटून ब्रेक दाबला. पहिल्या वीसपैकी पाच वेळा चवडा ब्रेक आणि रेस यांच्या मधोमध पडला. बारा वर्षं चालवतेय आणि हे मला माहीत नव्हतं. सीट दोन खाचा पुढे घेतली तेव्हा नीट जमायला लागलं. चपला डिकीत टाकल्या, कॅनव्हासचे पातळ तळव्याचे बूट घातले.

वाटेत क्रूझ तीनदा लावला, ९५ वर, दर वेळी अर्ध्या तासाच्या आत. शेजारी ह्यांना मोबाईल बंद ठेवायला सांगितला होता, ते घड्याळ लावून बसले होते. दुसऱ्या वेळी पाय पुन्हा मागे सरकायला लागला होता. मुलीनं मागून सांगितलं, “आई, पाय.” तिला ते काम दिलं होतं.

सिन्नरला उतरताना मुख्य बटणानं बंद केला. वाटेत पाऊस नव्हता, घाट नव्हता.

---

पान्हा_पक्कड | ४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

छान केलंत. मॅटचे हुक बघितले का?

---

रानजाई | ४ नोव्हेंबर, रात्री ९.१८

बघितले. डावीकडचा लागलेला होता, उजवीकडचा तुटलेला. मॅटची तीच कडा वर आली होती. नवी मॅट येईपर्यंत ड्रायव्हरकडची काढून ठेवली आहे, खाली नुसतं कार्पेट.